पुली बसली

१

दुपारची भांडी घासून पालथी घातली की अंबूबाई पदर खोचायच्या आणि अंगणातल्या लॉरीत जाऊन बसायच्या. आजूबाजूच्या बायका त्या वेळी पान जमवून गप्पांना बसत, कुणी डोळा लावून घेई. अंबूबाईंना मात्र ब्रेक दाबायचा असे.

कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, कलासिपाळ्याच्या लॉरी स्टँडमागे एका बंद गोदामाचं अंगण होतं. एका कडेला अंबूबाईंचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, मध्ये करंजाचं झाड आणि झाडापलीकडे ती लॉरी. लढाईच्या काळात सैन्याच्या कामावर असलेली, मग लिलावात निघालेली, मग कुणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडलेली. अंबूबाईंचे यजमान कृष्णातराव यांनी ती ओढून आणली तेव्हा तिचा मूळ रंग कुठला, तेही सांगता येत नव्हतं. त्यांनी तिचं इंजिन उघडलं, धुतलं, पुन्हा जोडलं. ते सुरूही झालं. फक्त एक खोड राहिली.

इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, अगदी खाली, एक जाड पुली असते. इंजिनाचा मुख्य दांडा फिरला की ती फिरते आणि तिच्यावरचा पट्टा पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो. ही पुली दांड्यावर ढिली झाली होती. इंजिन चालू केलं की टक्‌टक्‌, टक्‌टक्‌ असा आवाज यायचा. दाराआड उभं राहून कुणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा.

पुलीचा मोठा नट आवळायचा तर इंजिन जागचं हलता कामा नये. नाहीतर पान्याबरोबर आख्खा दांडाच फिरतो. म्हणून लॉरी गिअरमध्ये टाकायची आणि कुणीतरी ब्रेक गच्च धरायचा. हँडब्रेक नावापुरता होता. कृष्णातराव रेडिएटर उतरवून ठेवलेल्या मोकळ्या तोंडाशी पाना घेऊन वाकत. बॉनेट टेकूवर उभं असल्यामुळे आत बसलेल्या अंबूबाईंना ते दिसत नसत, आणि त्यांना अंबूबाई दिसत नसत. नुसती हाक यायची.

"हिडी," ते म्हणायचे. म्हणजे धर. गॅरेजातला कानडी शब्द.

अंबूबाई दोन्ही पायांनी पेडल दाबायच्या. पुढून दम कोंडल्याचा आवाज, लोखंडाची करकर, मग, "बिडू." म्हणजे सोड.

या दोन शब्दांची अंबूबाईंना गोडी लागली होती. लग्न झाल्यापासून कृष्णातराव दुसऱ्याच्या लॉऱ्या हाकत आले होते. हुबळी, दावणगेरे, मंगळूर. घरी पाहुण्यासारखे यायचे, जेवायचे, झोपायचे, निघायचे. कुठल्या गावात कुणाच्या हातचं जेवतात, कुणाच्या ओसरीवर पाठ टेकतात, हे अंबूबाईंनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. पोटी मूल नव्हतं. जे काही होतं ते एवढं एक माणूस होतं, आणि तेही रस्त्याचं. आता कुठे ते दिवसभर घरी होते आणि दुपारभर "अंबू, हिडी" म्हणून हाक मारत होते.

"लॉरी रस्त्याला लागली की पहिली फेरी निपाणीची," ते एकदा म्हणाले होते. "तू माझ्या शेजारी, पुढं. तुझं माहेर आता आपल्याच म्हैसूर राज्यात आलंय. बघू तरी राज्य केवढं झालंय ते."

"राज्य मोठं झालं तर माहेर लांब जातंय की जवळ येतंय?" अंबूबाईंनी विचारलं होतं.

"लॉरीवर हाय ते."

कृष्णातरावांचा जुना जोडीदार नागोजी येता-जाता डोकावायचा. तो म्हणायचा, "वैनी, सवत घरात आणून ठेवलीय दादानं, आणि तुम्ही तिचेच पाय दाबत बसलाय."

अंबूबाई हसायच्या. लोखंडाच्या सवतीचं कुणाला काय वाटावं.

२

त्या दिवशी अंबूबाई पाट्यावर मिरचीची चटणी वाटत होत्या. हात मनगटापर्यंत तिखटाने भरले होते. बाहेरून हाक आली, "अंबू, हिडी."

"थांबा, हात धुऊन आले," त्या ओरडल्या.

कृष्णातराव थांबले नाहीत. त्यांचा दम कोंडल्याचा आवाज आला. लोखंड करकरलं. मग ते हळूच म्हणाले, "हां... आली. धर. अशीच धर... सरी, झालं. बिडू."

अंबूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. लॉरीचं दार बंद होतं. सीटवर कुणी नव्हतं. कृष्णातराव घाम पुसत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"काय धरलीस आज," ते म्हणाले. "दगडासारखी. दांडा केसभर हलला नाही."

अंबूबाईंचं तोंड उघडलं होतं. मी नव्हते, एवढंच म्हणायचं होतं. पण असं कौतुक त्यांनी फार वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ते नाकारायला जीभ उचलेना. त्या नुसत्या हसल्या.

कृष्णातराव नळावर गेले तशा त्या लॉरीत चढल्या. जुनं यंत्र आहे, ब्रेक अडकून बसला असेल, गंज धरला असेल. त्यांनी हातानं पेडल दाबून बघितलं. ते खाली गेलं आणि सोडताच झटक्यानं वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आलं. कुठेही अडकत नव्हतं.

पेडलच्या रबरावर तळहात ठेवला. मध्यभागी ते कोमट होतं. अनवाणी पायाचा तळवा टेकतो तेवढ्याच भागात. ऊन असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग खाली वाकून बघितलं. ऊन सीटपर्यंतसुद्धा येत नव्हतं.

३

आवळलेली पुली टिकली नाही. इंजिन चालू करून बघितलं तर पुन्हा टक्‌टक्‌. कृष्णातरावांनी नट काढला, पुली ओढली आणि सगळं अंगणात फडक्यावर मांडलं. दांड्याला आणि पुलीला एकत्र धरून ठेवणारी अर्धचंद्रासारखी लोखंडी चावी झिजली होती. तिची खाचही रुंदावली होती. ते चिकपेटच्या बाजारात जाऊन पोलादाचा तुकडा घेऊन आले आणि नवी चावी कानशीनं घासत बसले.

"हिला घाई चालत नाही," ते म्हणाले. "हिच्या मापानं घ्यावं लागतंय."

"कुणाच्या?" अंबूबाईंनी विचारलं.

"चावीच्या. आणखी कुणाच्या?"

खरंच होतं ते. लॉरी ती, पुली ती, चावी ती. नट आवळताना येते ती पकडसुद्धा तीच. आपल्या भाषेत सगळ्याच वस्तू बायका निघाल्या तर बिचाऱ्या माणसानं बोलावं कसं? असं मनाशी म्हणत अंबूबाई तांदूळ निवडत राहिल्या. पण ते 'ती' म्हणाले की हात थांबत होता. नवी चावी बोटांत धरून ते उजेडाकडे बघत, फुंकर मारत, पुन्हा हलक्या हातानं कानस फिरवत. अंबूबाईंच्या पायात काटा मोडला होता तेव्हा त्यांनी इतकं जवळ घेऊन बघितलं नव्हतं.

करंजाखाली यल्लव्वा बसायची. मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या माळा करून ती बाजारात पाठवायची. मराठी तिला मोडकंतोडकं यायचं आणि अंबूबाईंना कानडी तसंच. दोघींचं त्यावर छान चालायचं. अंबूबाई नवीन होत्या तेव्हा एकदा लॉरी आली हे सांगताना "लॉरी बंदळु" म्हणाल्या होत्या आणि यल्लव्वा फुलं सांडेपर्यंत हसली होती. लॉरीला बंतु म्हणायचं. बंदळु म्हणजे बाईमाणूस आली. "तुमच्यात लॉरी लुगडं नेसती का, अक्का?" असं तिनं विचारलं होतं. मराठी माणसंच ती चूक करतात म्हणे.

त्या संध्याकाळी यल्लव्वा फुगून बसली होती.

"मोठी झालीस तू आता," ती म्हणाली. "हाक मारली तर मान वळवत न्हाई."

"कधी मारलीस हाक?"

"निन्ने. काल दुपारी. लॉरीत बसली होतीस. मी अक्का, अक्का म्हणते, तू तशीच."

काल दुपारी अंबूबाई राशनच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"तोंड बघितलंस माझं?"

"तोंड कुठून? पाठ दिसली. अंबाडा दिसला." यल्लव्वानं सुईत दोरा ओवला. "गजरा माझ्याकडचा नव्हता. ते पण राग आहे मला. कुणाकडून घेतलास?"

दुसरी कुणी बाई असती तर तिनं देव्हाऱ्यापुढे दिवा लावला असता, अंगारा मागितला असता. अंबूबाईंना भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या आधी दुसरंच मनात आलं. गजरा कुणी दिला तिला?

त्या रात्री जेवण वाढताना त्यांनी कृष्णातरावांचा सदरा हुंगून बघितला. ऑइलचा वास होता. ऑइलखाली फुलांचा आहे की नाही, ते काही केल्या ठरवता येईना.

४

नवी चावी तयार झाली. पुली चढवली. अंबूबाई हाकेची वाट न बघता आधीच लॉरीत जाऊन बसल्या. सीट मोकळी सोडायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"हिडी."

त्यांनी दोन्ही पायांनी पेडल दाबलं. पाठ सीटला रेटली, दात आवळले.

"दाब की," पुढून आवाज आला. "दांडा फिरायलाय."

"दाबतेय."

"ढिली पडतीयेस अंबू. परवा कशी धरली होतीस."

अंबूबाईंच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. पुढचं बॉनेट भिंतीसारखं उभं होतं, आणि त्या भिंतीपलीकडून त्यांचा नवरा त्यांना दुसरीचं उदाहरण देत होता. त्याला ठाऊक नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. त्याला वाटतंय मीच होते. पण मन काही मानेना. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या तेव्हासुद्धा रडल्या नव्हत्या, आता डोळे भरून आले.

आणि त्याच रागात त्यांनी एक गोष्ट केली. दोन्ही पाय पेडलवरून काढले आणि मांडी घालून सीटवर बसल्या. बघू दे तरी कोण धरतं ते.

पेडल वर आलं. क्षणभर तसंच राहिलं. अंगणात कुठे आवाज नव्हता. पलीकडच्या गल्लीत पत्रा ठोकणारे नेहमी ठोकत असतात, तेही थांबले होते.

मग पेडल खाली गेलं. एकदम नाही. ओळखीच्या घरात पाय ठेवावा तसं, सावकाश, पूर्ण खालपर्यंत. रबराच्या मध्यभागी खळगा पडला. बाजूच्या कडा किंचित उचलल्या गेल्या.

"हां," कृष्णातराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आली."

अंबूबाईंनी त्या खळग्याकडे बघितलं. तो कमी होत नव्हता. पुढे नट करकरत आवळला जात होता. त्यांच्या मांडीशेजारी, सीटच्या रिकाम्या भागात, रेक्झिन हळूच कुरकुरलं.

"सरी," कृष्णातराव म्हणाले. "बिडू." पेडल वर आलं.

अंबूबाई उतरल्या कशा, ते त्यांना आठवत नव्हतं. हातात उंबऱ्याचं लाकूड होतं एवढं कळत होतं.

५

त्यांनी सांगून टाकलं. संध्याकाळी चहाचा पेला पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "ब्रेक मी नाही दाबत."

"म्हणजे?"

"मी पाय काढून घेतले होते आज. परवा तर मी लॉरीत नव्हतेच. चटणी वाटत होते."

कृष्णातराव पेल्यात बघत राहिले. त्यांनी हसून उडवून लावलं असतं तर बरं झालं असतं. वेड्यात काढलं असतं तरी चाललं असतं.

"दमलीस तू," ते म्हणाले. "नट अजून पुरता बसला नाही. उद्यापासून नागोजीला बसवतो."

एवढं बोलून त्यांनी चहा प्याला आणि पेला जमिनीवर नीट ठेवला. कोण दाबतं, असं त्यांनी विचारलं नाही. अंबूबाई त्या न विचारलेल्या प्रश्नावर बराच वेळ बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नागोजी आला. "वैनींची जागा मिळाली म्हणायची. पगार काय?" असं म्हणत लॉरीत चढला. अंबूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. नागोजी काही तरी गुणगुणत होता. "हिडी" ऐकू आलं. गुणगुणणं थांबलं.

पुढून कृष्णातराव वैतागले. "अरे, फिरतोय की दांडा. धरलायस की झोपलायस?"

नागोजी उतरला. चपला हातात घेऊनच उतरला. कृष्णातरावांना त्यानं काम आठवल्याचं सांगितलं आणि अंबूबाईंच्या जवळून जाताना मान वर केली नाही.

"काय झालं, भावजी?"

"काही नाही वैनी."

"खरं सांगा."

तो फाटकापर्यंत गेला, मग थांबला. "पाय ठेवला तर खाली पाय लागला," तो म्हणाला. "काढून घेतला नाही तिनं. उलट मलाच बाजूला सारलं."

"तिनं?"

नागोजीनं चपला पायांत सरकवल्या आणि तो बाहेर पडला. नंतर तो येई, पण फाटकाबाहेर उभा राहून बोले. सवतीची थट्टा त्यानं पुन्हा केली नाही.

६

अंबूबाई विचार करत राहिल्या. पळून जायचं तर निपाणी होती, भाऊ होता. पण जाणार कुणाच्या हाती सोडून? आपण गेलो तर ही दुपार त्या दोघांची. या विचारानं त्यांचे कान तापले. राहायचं तर पुली बसायला हवी. एकदा ती पक्की बसली की ब्रेक धरायला कुणाची गरजच उरणार नाही. आणि त्या सीटवर दुसरं कुणी बसायच्या आत तिथे ज्याचा हक्क आहे त्यालाच बसवायला हवं.

"आज मी आवळते," त्या कृष्णातरावांना म्हणाल्या. "तुम्ही बसा ब्रेकवर."

"तुला जमायचं नाही."

"पान्याला पाइप लावा. पाय देऊन उभी राहीन. वजन आहे की माझं."

कृष्णातरावांनी अंबूबाईंकडे, मग लॉरीकडे बघितलं. चिकपेटात नवी गोष्ट घ्यायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसला उतावीळपणा त्यांच्या डोळ्यांत चमकून गेला. "बरं," ते म्हणाले आणि लगेच चढले. दार ओढून घेतलं.

अंबूबाई पहिल्यांदाच लॉरीच्या तोंडाशी उभ्या होत्या. ऑइलचा उग्र वास येत होता. खाली काळ्या पुलीच्या मधोमध तो नट चमकत होता. पाना बसवला, त्यावर पाइप चढवला, पदर कमरेला घट्ट बांधला. समोर बॉनेटची भिंत. ते इतके दिवस या बाजूला होते. इथून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"हिडी," त्या म्हणाल्या. हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हाक म्हणून निघाला.

पाइपवर एक पाय दिला, मग दुसरा. पूर्ण भार टाकला. दांडा हलला नाही. पाइप सावकाश खाली गेला, नट करकरला, आणि मग आतून कुठून तरी, हाडातून यावा तसा, एक जड आवाज आला. त्यानंतर नट केसभर सरकेना.

"बिडू," अंबूबाई म्हणाल्या.

पेडल सुटल्याचा आवाज आला नाही.

"अहो. झालं. बिडू."

बॉनेटपलीकडून बोलण्याचा आवाज येत होता. फार हळू. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, सासू झोपली की, कृष्णातराव या आवाजात बोलत असत. एकदा हसले. थांबले. कुणी तरी काही सांगावं तेवढा वेळ थांबले. मग पुन्हा बोलले.

अंबूबाईंनी टेकू काढला. बॉनेटचं वजन हातावर घेतलं आणि आवाज न करता ते खाली आणलं.

काचेतून त्यांना नवरा दिसला. एकटाच होता. दुसरं कुणीही नव्हतं, हे त्या पुढे कधीही शपथेवर सांगू शकल्या असत्या. पण ती सीट रुंद होती, तिघं आरामात बसतील एवढी, आणि कृष्णातराव उजवीकडच्या दाराला अगदी चिकटून बसले होते. खांदा दाराच्या पत्र्यावर दाबला होता. गुडघा आत घेतला होता. शेजारी भरलं माणूस असलं की अंग चोरून बसावं लागतं, तसे. मान डावीकडे कललेली. त्यांचे दोन्ही पाय पेडलपासून दूर होते.

काचेपलीकडून त्यांचं लक्ष अंबूबाईंकडे गेलं. ते दचकले नाहीत. चोरी पकडल्यासारखं तोंड केलं असतं तर त्या भांडल्या असत्या. ते प्रेमानंच हसले, घरातल्या माणसाकडे बघून हसतात तसे.

"बसली," ते म्हणाले. "आता हलायची नाही."

७

दुसऱ्या दिवशी रेडिएटर चढवला, पट्टा घातला, पाणी भरलं. इंजिन चालू झालं. टक्‌टक्‌ बंद झाली होती. त्या जुन्या इंजिनात इतका गोड आवाज असेल असं कुणाला वाटलं नसतं.

अंबूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. त्या पायरीपाशी आल्या.

"मी येते," त्या म्हणाल्या. "एक फेरी. निपाणीचं राहू दे, म्हैसूर रस्त्यापर्यंत तरी."

कृष्णातरावांनी शेजारी बघितलं. मग अंबूबाईंकडे. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं.

"जागा कुठाय अंबू?" ते म्हणाले. कुणी वेळ विचारली तर सांगावी इतकं साधं.

लॉरी हलली. फाटकाशी यल्लव्वा टोपली घेऊन बाजूला झाली. कृष्णातराव सगळी उमेदवारी याच मुलखात केलेले, त्यांचं कानडी पक्कं होतं. यल्लव्वानं त्यांना कानडीतच विचारलं, गाडी शेवटी रस्त्याला आली का.

कृष्णातरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. चेहरा उजळला होता.

"बंदळु, यल्लव्वा," ते म्हणाले. "अवळु बंदळु." ती आली, असं; बाईमाणसाला म्हणतात तसं.

अंबूबाई दारात उभ्या होत्या. आता यल्लव्वा हसेल, त्यांना वाटलं. आपल्याला हसली होती तशी, फुलं सांडेपर्यंत. मराठी माणसाची चूक म्हणेल. लॉरीला लुगडं नेसवलंस का म्हणेल. त्यांनी तिच्या हसण्याची वाट बघितली. एवढी वाट त्यांनी कशाचीच बघितली नव्हती.

यल्लव्वा हसली नाही. तिनं लॉरीच्या डाव्या खिडकीकडे बघितलं, टोपली छातीशी धरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लॉरी गेल्यावरही ती तशीच होती.

८

दिवेलागणीला लॉरी परत आली. दार एकदा वाजलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूचं दार वाजलं.

कृष्णातराव हातपाय धुऊन आत आले. ओठांत गाणं होतं. अंबूबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं. दुसरं ताट स्वतःसाठी समोर घेतलं. कृष्णातराव पाटावर बसले. मग उठले, पाट उजवीकडे ओढला, भिंतीपर्यंत, आणि पुन्हा बसले. डाव्या बाजूला जागा झाली.

त्यांनी घास घेतला नाही. भात निवायला लागला. आमटीवर तवंग थिजला. ते ताटाकडे बघत नव्हते, अंबूबाईंकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. विनवणी होती. ती नसती तर सोपं झालं असतं.

बाहेर लॉरीचं तोंड फाटकाकडे होतं. इतके दिवस ती भिंतीकडे तोंड करून उभी असायची. आज मुद्दाम वळवून लावली होती. अंबूबाईंना सगळं समजलं, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इथे वाढलं नाही तर ते उठतील. भांडणार नाहीत, ओरडणार नाहीत. हात धुतील, दार ओढून घेतील, आणि हुबळी, दावणगेरे, मंगळूर. कुणाच्या हातचं जेवतात हे कधीच विचारता येणार नाही.

त्यांना त्या रिकाम्या जागेचा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारलं. त्या जागेवर तवा फेकावा असं वाटलं. कोण तू, कुठली तू, असं विचारावंसं वाटलं. नवरा माझा आहे, असं म्हणावंसं वाटलं. ते म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कृष्णातराव डावीकडे कान देऊन ऐकत होते आणि हळूहळू उठायला लागले होते. एक तळहात जमिनीवर टेकलाही होता.

"बसा," अंबूबाई म्हणाल्या.

त्या फळीपाशी गेल्या. सणाला काढायचं पितळेचं ताट वरच्या बाजूला होतं, टाचा उंचावून ते काढलं. पदरानं पुसलं. भात वाढला, आमटी वाढली, मीठ डाव्या कोपऱ्यात वाढलं. ताट त्या जागेसमोर ठेवलं.

कृष्णातराव पुन्हा नीट बसले.

"तिखट जास्त झालंय आज," अंबूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "चालत नसेल तर सांगा. तूप देते."

उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी तूप वाढलं.